जावयाचा मान

मला पाण्यात उतरून बांबू रोवायला सांगितलं होतं. मी तो डोंग्यात बसून रोवला. चूक एवढीच.

गोंदिया जिल्हा आमच्यापासून वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब अजून तिकडूनच यायचे. हिवाळ्यातल्या एका रविवारी लाखनीजवळच्या आमच्या गावतलावात बाप्तिस्मा ठरला. तोही माझ्या सासूबाईंचा. त्या दिघोरीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. प्रभूवरचा त्यांचा विश्वास जुना, पण पाण्याची भीती त्याहून जुनी. लहानपणी त्यांचा भाऊ शेताजवळच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बुडाला, तेव्हापासून घोट्याच्या वर पाण्यात त्या कधी गेल्या नव्हत्या. दरवर्षी बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की "औंदा नाही" म्हणायच्या. त्या वर्षी मात्र स्वतःच म्हणाल्या, "देव सांगते त उतरतो मी."

मला त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून विश्वासाची साक्ष द्यायची होती. गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून मी तिचा सराव केला होता आणि म्हशीने एकदाही तोंड फिरवलं नव्हतं. पण पाळकसाहेबांनी साक्ष दुसऱ्याला दिली. मला म्हणाले, "तुम्ही आदल्या दिवशी पाण्यात उतरा, पायानं तळ चाचपा आणि कमरेइतकं पाणी लागेल तिथं बांबू रोवा. त्याच्या अलीकडेच बाप्तिस्मा देऊ." मी मान डोलावली आणि मनात फुगून बसलो. देवाकडे मी कितीतरी दिवस मोठं काम मागत होतो. त्यानं दिलं काय, तर बांबू.

शनिवारी पाणी असं गार होतं की बोट बुडवलं आणि माझी भक्ती आखडली. काठाला मासे धरणाऱ्या एका ढिवराचा डोंगा बांधलेला होता. त्याला विनवून त्यात बसलो आणि दरवर्षीची जागा आठवून बांबू खाली दाबला. बांबू सरसर खाली गेला. चिखलात चांगला रुतला असं समजून मी घरी येऊन चहा प्यालो. त्याच वर्षी उन्हाळ्यात गाळ काढून तलाव तिथं खोल झाला होता, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. तो गाळ ट्रॅक्टरने माझ्याच शेतातल्या बांधीत येऊन पडला होता, आणि त्या जोरावर धान कसं पिकलं हे मी गावभर सांगत फिरत होतो.

रविवारी मंडळी काठावर गाऊ लागली. पांढरं लुगडं नेसलेल्या सासूबाईंचा हात धरून पाळकसाहेब पाण्यात पाय टाकणार, तोच त्या थांबल्या. म्हणाल्या, "पहिले जवाईबापू जातीन. आमच्याकडं जवायाचा मान पहिला असते." लोक हसले. पाळकसाहेबांनीही हसून मला वाट दिली. मी काय, मानाला उपाशीच होतो. नवी पँट न दुमडता उतरलो आणि लोकांकडे तोंड करून उलटा चालत राहिलो. तोंड त्यांच्याकडे होतंच, म्हणून राहिलेली साक्षही सुरू केली. "भिऊ नका, प्रभू आपल्याला कधीही..." एवढं बोललो आणि पायाखाली काही उरलं नाही.

आत सगळं हिरवं आणि शांत होतं. मला पोहता येत नाही. साक्ष विसरलो, प्रार्थनेतले मोठे शब्द विसरलो, फक्त 'बापा' एवढंच राहिलं. हाताला काही लागलं ते धरलं. तो माझाच बांबू होता. तो उपटून आडवा झाला, पाळकसाहेबांनी कडक जमिनीवरून त्याचं दुसरं टोक पकडलं आणि मला ओढलं.

मी खोकत काठावर बसलो. पाळकसाहेबांनी बांबू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता उतरा." मी उतरलो. दात वाजत होते. एकेक पाऊल टाकत, टाचेने तळ दाबत गेलो आणि कमरेइतकं पाणी लागलं तिथं बांबू रोवला. सासूबाई आता घरी जातील असं मला वाटलं होतं. त्या काठावरच उभ्या होत्या. एवढंच विचारलं, "आता पायानं पायलं ना?" मी हो म्हटलं. त्या आल्या. पाण्याखाली गेल्या, वर आल्या आणि डोळे पुसायच्या आधी हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला पुढं केलं नसतं, तर त्या खड्ड्यात कोण गेलं असतं, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. देवानं त्यांच्या तोंडून मला पुढं पाठवलं की आमच्या रिवाजानं, हे मला ठरवता येत नाही. ठरवायला मी कोण? त्या दिवसापासून मोठं काम मागत नाही. चर्चमध्ये चटया अंथरायला सांगितल्या, तर कोपऱ्यातली सुरकुतीसुद्धा हातानं सपाट करतो, आणि असं सांगणारा कोणी आहे म्हणून त्याचे आभार मानतो.

त्या संध्याकाळी शेकोटीशी बसून मी सासूबाईंना हळूच विचारलं, "तुम्हाला तेव्हा काही खूण मिळाली होती का?"

"खून कायची बा," त्या म्हणाल्या, "मले भेव लागलं, म्हनून तुमाले पुढं केलं." मग निखारा सारखा करत म्हणाल्या, "तुमचा बाप्तिस्मा दोनदा झाला, जवाईबापू. आतातरी सांगतलेलं आयकत जा."