माणगंगा रॉक बँड आणि फोटोतला हात

आटपाडीत सुमैराचं फ्लेक्सचं दुकान आहे. गेली बारा वर्षं ती तालुक्यातल्या माणसांना वाढदिवसाला दहा-दहा वर्षांनी तरुण करून देते. टकलावर केस, मिशीला काळा रंग आणि गिऱ्हाईक फारच अडून बसलं तर मागे एक वाघ. ‘भावी’ हा शब्द तिनं इतक्यांदा टाइप केलाय, की तिच्या कीबोर्डवरचा ‘भ’ पार पुसून गेलाय. कुणी कितीही डोकं खाल्लं तरी ही बाई चिडत नाही, अशी तिची ख्याती होती. ती ख्याती त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास संपली. माणगंगा रॉक बँड सगळाच्या सगळा दुकानात आला.

सगळा म्हणजे तिघे. गायक आप्पासो, पासष्टीतही दुकानात गॉगल न काढणारे. गिटारवाले ज्योतिबा, आता डाळिंबाची बाग बघणारे. आणि ड्रमवाले सयाजी, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. ते सुट्टीवर आले की बँडचे कार्यक्रम व्हायचे. त्यामुळं एके काळी विट्यापासून जतपर्यंत लग्नाच्या तारखा सयाजीची रजा बघून धरल्या जायच्या. बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून रविवारी सत्कार होता. त्यासाठी दहा बाय वीसचा फ्लेक्स हवा होता. त्यावर बँडचा सगळा इतिहास.

“शाळेतल्या सरांकडनं मथळा लिवून आणलाय,” आप्पासो म्हणाले.

मथळा होता ‘मैलाचे दगड’. सुमैरानं तो मोठ्या अक्षरात टाकला आणि त्याखाली तिघांचे चेहरे लावले. सयाजींनी स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं.

“पोरी, हे दगड आमाला म्हणलंय व्हय?”

मथळा गेला. मग स्थापनेचं साल आलं. आप्पासो म्हणाले चौऱ्याऐंशी, कारण कल्पना त्यांना केस कापून घेताना सुचली होती. ज्योतिबा म्हणाले पंच्याऐंशी, कारण मिरजेहून गिटार तेव्हा आली. सयाजी म्हणाले शहाऐंशी.

“तवा मी रजेवर आलो. माझ्याबिगर बँड कसला रं? ते नुस्तं भजन हुतं!”

“मग चाळीस वर्षं कशी भरतील, काका?” सुमैरानं विचारलं. “सत्कार पुढच्या साली घ्यायचा का?”

सत्काराचं नाव काढताच पंच्याऐंशीवर एकमत झालं. तोवर साडेबारा वाजले होते, तीन चहा झाले होते आणि सुमैराच्या कपाळाची शीर उडायला लागली होती. एका कार्यक्रमात ड्रमवर बोकड चढला होता की करडू, यावर तर सयाजी उठून निघालेच होते. तिनं ‘एक प्राणी’ असं लिहून तो प्रश्न निकालात काढला.

शेवटी आप्पासोंनी पिशवीतून फोटो काढला. पहिल्या कार्यक्रमाचा, एकमेव. तिघांचे एकसारखे शिवलेले चट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, मागे नुसता कापडी पडदा. आणि एका कडेनं फोटोत घुसलेला एक हात, मनगटापर्यंतच. बोटांच्या चिमटीत दोन तारांचं जोडलेलं टोक.

“ह्यो हात तेवढा काढ,” आप्पासो म्हणाले. “लय वंगाळ दिसतोय.”

सुमैराचा हात माऊसवर थबकला. तिचे अब्बा इलाही रेडिओ दुरुस्त करायचे. लहानपणापासून दर ईदला, शिरखुर्मा पुढ्यात आला की ते सांगायचे, “बँडच्या पयल्याच कार्यक्रमाला माइकची तार तुटली, कथलाचा डाग धरंना. पुरा कार्यक्रम मी हातानं तार धरून बसलो, तवा कुठं आप्पासोचा आवाज लोकांनी ऐकला.” अम्मी म्हणायची, झालं सुरू. सुमैरालाही ती बढाईच वाटायची.

“काका, हा हात कुणाचा?”

“असंल कुण्या मांडववाल्याचा,” ज्योतिबा म्हणाले.

चाळीस वर्षांत यांच्या तोंडून अब्बांचं नाव कधी निघालं नव्हतं. आज ते फ्लेक्सवर गेलं नाही, तर पुन्हा कधी जाणार? तिनं अब्बांना फोन करून बोलावून घेतलं.

इलाही आले, चष्मा पुसून स्क्रीनपाशी वाकले आणि म्हणाले, “ह्यो माझा हात न्हाई.”

सुमैराला टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. “अब्बा! नीट बघा!”

“बघितलं की. ह्यो उजवा हाय. मी डाव्या हातानं धरली हुती. उजव्यात चहा हुता.”

“अब्बा, आयुष्यभर सांगत आलात, आणि आज विचारलं तर—”

“जे माझं न्हाई ते माझं कसं म्हणू गं?”

“इमानदार गडी,” आप्पासो खूश होऊन म्हणाले. “काढ तो हात.”

सुमैरानं चिडून फोटो मोठा केला आणि हाताभोवती रेघ ओढायला घेतली. ओढता ओढता तिची नजर सयाजींच्या शर्टावर गेली. हजारो फोटोंतले शर्ट तिनं नीटनेटके केले होते. खिसा डावीकडं असतो. इथं तिघांचेही खिसे उजवीकडं.

“ज्योतिबाकाका, तुम्ही डावरे आहात?”

“न्हाई बा.”

“मग गिटार डाव्या हातानं कशी वाजवताय?”

ज्योतिबा फोटोपाशी आले. हा फोटो चाळीस वर्षं त्यांच्या घरच्या सोप्यात टांगलेला होता. “आयला! खरंच की!”

“फोटोवाल्यानं उलटा छापलाय,” सुमैरा म्हणाली आणि एक बटण दाबलं. खिसे डावीकडं आले. गिटार सरळ झाली. आणि तो हात डावा झाला.

मग सयाजी हळूच म्हणाले, “इलाही, तू हुतास व्हय रं तिथं?”

“हुतो की. पुरा वेळ. तुमी मागं बघितलंच कवा?”

आप्पासोंनी गॉगल काढला. हात काढायचं पुन्हा त्यांनी म्हटलं नाही. सुमैरा नावं टाइप करू लागली. आप्पासो, गायन. ज्योतिबा, गिटार. सयाजी, ड्रम. इलाही, तार.

“नुस्तं तार न्हाई,” इलाही म्हणाले. “दोन हुत्या.”

“अब्बा, आता पुरे!”

“दोन म्हंजे दोन.”

तिनं दात ओठ खात ‘र’ला काना दिला. इलाही, तारा.

“तारा?” आप्पासो ओरडले. “मग आमी काय मेणबत्त्या हाय व्हय?”

पण तोवर सुमैरानं छापायची आज्ञा दिली होती.