आगेऱ्याला निघालेला बाबांचा ट्रॅक्टर

त्या वर्षी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवायची सोय नव्हती, कारण तिथे ट्रॅक्टर होता.

अख्खा नव्हता हो! अख्खा असता तर बायकोने मला घरात ठेवलं नसतं. टेबलावर फक्त इंजिनाचं डोकं, डिझेलचा पंप आणि काही नळ्या होत्या. स्टिअरिंगचं चाक भिंतीवर, पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखाली टांगलं होतं आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई त्याच्याकडे बघून "काय गं फिलू, नवीन फॅशन का?" असं विचारून जात होती. (फिलू म्हणजे माझी बायको फिलोमिना. ती उत्तर न देता माझ्याकडे बघायची.) उरलेलं धूड मागच्या अंगणात, फणसाखाली, लाकडी ओंडक्यांवर उभं होतं.

त्या धुडात बाबांचा जीव होता. वटार गावात आमच्या आळीतला पहिला ट्रॅक्टर बाबांचा. आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) नेतो त्या सणाला, मिरवणुकीत सगळ्यात पुढे बाबांचा लाल ट्रॅक्टर असायचा. मग तो बंद पडला आणि फणसाखाली जाऊन बसला. तेव्हापासून बाबा आगेऱ्याला फाटकाशी उभे राहून दुसऱ्यांचे ट्रॅक्टर बघायचे. गुडघे गेले तसे एकदा म्हणाले, "एकदा परत देवळात नेला असता रे. मग पाय चालले नाही तरी चाललं असतं."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी तोंडाला येईल ते कबूल करतो. चर्चच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदा पहिल्या लोंब्या आमच्या बाबांच्या ट्रॅक्टरवरून येतील!" टाळ्या पडल्या. फादरांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला सायकलची चेनही बसवता येत नाही.

"मास्तर," शेजारचे पास्कूकाका कुंपणावरून म्हणाले, "तू शाळेत काय शिकवतो रे?"

"भूगोल."

"मग ट्रॅक्टर कोण खोलणार?"

"मीच!"

"देवा, सांभाळ," असं म्हणून काकांनी छातीवर क्रूस काढला. त्यांच्या दारात नवाकोरा निळा ट्रॅक्टर उभा होता. बोलणारच ते!

पण बाबा माझ्या पाठीशी होते. शब्दशः पाठीशी, खुर्ची टाकून. मी खोलायचो, बाबा सांगायचे, "तो नट नाही, गाढवा, त्याच्या बाजूचा!" (हे ते आमच्या घरच्या बोलीत म्हणायचे. तुम्हाला सोसेल अशा मराठीत देतोय.) मनवेलपाड्याच्या भंगारवाल्याकडून मी सुटे भाग आणले, ते धरून रिक्षात बसलो, उतरलो तेव्हा माझी एकुलती एक पांढरी पँट कायमची काळी झाली होती. फिलू म्हणाली, "अहो, तुम्हीच भंगारात राहा ना, येणंजाणं तरी वाचेल."

मागचा ॲक्सल खोलला तो दिवस मला अजून आठवतो. आतली ती मोठी दातेरी चकती, गॅरेजवाले तिला क्राउन म्हणतात, बाहेर काढताना आम्ही बापलेक घामाघूम झालो. बाबांनी युक्ती काढली. सगळे भाग रॉकेलने धुवायचे आणि मागच्या अंगणातल्या बाजेवर जसे होते तसेच मांडून ठेवायचे. डावीकडचं बाजेच्या डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. "परत बसवताना बाजेकडे बघायचं आणि बसवायचं. चुकायला जागाच नाही!" बाबा म्हणाले. मला युक्ती एवढी आवडली की मी दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा शिकवताना तीच सांगितली.

फक्त दिवस सुकेळ्यांचे होते. आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यांची मधासारखी गोड सुकेळी होतात आणि त्या दिवसांत आईपुढे घरातलं कुणी बोलत नाही. आईने बाजेच्या मोकळ्या अर्ध्या भागावर केळी पसरली. ट्रॅक्टर आणि सुकेळी गुण्यागोविंदाने एकाच बाजेवर वाळू लागली. पुढे आम्ही बाजेकडे बघून सगळं जसंच्या तसं बसवलं. चकती डावीकडे दिसली, डावीकडे बसवली.

इंजिन सुरू व्हायला आगेऱ्याची आदली संध्याकाळ उजाडली. ट्रॅक्टर अजून ओंडक्यांवरच, चाकं अधांतरी. मी हँडल मारलं, ते उलटं येऊन मला केळीच्या आळ्यात बसवून गेलं. परत मारलं. फट्... फट्... आणि मग धडधडधडधड! काळ्या धुराने पास्कूकाकांचा निळा ट्रॅक्टर दिसेनासा झाला (तेवढंच सुख). बाबांनी गिअर टाकला आणि मागची चाकं गरागरा फिरली! आई रडली. फिलूसुद्धा रडली, धुराने असेल. बाबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी परत आळ्यात. चाकं फिरली एवढं सगळ्यांनी पाहिलं. कुठल्या दिशेला फिरली, हे बघायचं भान कुणाला होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडक्यांवरून उतरवलेला ट्रॅक्टर फाटकाकडे तोंड करून, लोंब्या आणि झेंडूच्या माळा लावून उभा. रस्त्यावर बँड तयार, लाल लुगड्यातल्या बायका तयार, आणि मागे पास्कूकाका त्यांच्या निळ्या ट्रॅक्टरवर, "बघूया" असा चेहरा करून. बाबा नवा शर्ट, डोक्यावर जुनी हॅट घालून चढले. मी हात वर करून ओरडलो, "चला!"

बाबांनी पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर मागे गेला.

"बाबा, पुढे! पुढे!"

"पुढचाच टाकलाय रे!"

मागे कोंबड्यांचं खुराडं होतं. होतं म्हणजे तोपर्यंत होतं. कोंबड्या आकाशात, बँडवाले पोटं धरून हसतायत. बाबांना वाटलं पहिल्यात जोर कमी पडतोय. त्यांनी दुसरा टाकला. ट्रॅक्टर दुप्पट वेगाने मागे! कपड्यांची दोरी तुटली आणि फिलूची वाळत घातलेली चादर बाबांच्या हॅटवर येऊन बसली.

"बाबा, ब्रेक!"

"दिसत नाही रे काही!"

"ब्रेक पायाने मारतात, बाबा, डोळ्याने नाही!"

केळीचे घड धडाधड कोसळले आणि ट्रॅक्टर विहिरीच्या अलीकडे थांबला. रस्त्यावरून पास्कूकाका म्हणाले, "मास्तर, देऊळ या बाजूला आहे!"

बाबांनी चादर बाजूला केली. त्यांचा चेहरा मला बघवेना. "राहू दे," ते म्हणाले. "जाऊ दे त्यांना पुढे." मला तिथल्या तिथे विहिरीत उडी मारावीशी वाटली. मी म्हणालो, "पण मी बाजेवर होतं तसंच बसवलंय! तंतोतंत!"

"कुठल्या बाजेवर?" आईने विचारलं. "ती मागची? ती मी आणि फिलूने फिरवली होती की."

"फिरवली?"

"फणसाची सावली यायला लागली माझ्या सुकेळ्यांवर. म्हणून डोक्याकडची पायाकडे केली. का?"

डावं ते उजवं झालं होतं आणि जन्मभर पोरांना दिशा शिकवणाऱ्या माणसाने चकती उलट्या बाजूला बसवली होती. पुढचे सगळे गिअर मागे!

"एवढं काय तोंड पाडून बसलात?" आई वैतागली. "पुढचे मागे जातात ना? मग मागचा टाका!"

बाबांनी आईकडे पाहिलं. मग मागचा गिअर टाकला. ट्रॅक्टर गुरगुरला, थरथरला आणि सावकाश, अगदी राजासारखा पुढे निघाला! आळीभर आरोळी उठली. बँड सुरू झाला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

एकच अडचण होती. मागचा गिअर टाकला की बाबांची मान आपोआप मागे वळायची. जन्माची सवय! अख्खी मिरवणूक बाबा मागे तोंड करून, मागच्या लोकांना हॅट उंचावून दाखवत चालले होते आणि मी पुढून उलटा चालत ओरडत होतो, "डावीकडे! थोडं उजवीकडे! बाबा, सरळ!" मागचा गिअर इतका संथ की बँडच्या तालाला तंतोतंत जुळला. पास्कूकाकांचा नवा ट्रॅक्टर मात्र एवढा हळू चालेचना. दर थोड्या वेळाने बंद पडायचा आणि लोक त्याला ढकलायचे. मी मागे वळून काही बोललो नाही. वळायची गरजच नव्हती, मी उलटाच चालत होतो, मला सगळं छान दिसत होतं!

देवळाच्या दारात फादरांनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, मग ट्रॅक्टरवर, आणि थोडं मुद्दाम माझ्यावर. बाबा खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले आणि त्यांचे डोळे वाहत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "धूर गेला रे डोळ्यात." तेव्हा इंजिन बंद होतं.

परतताना खरी मजा झाली. देवळासमोरच्या अरुंद गल्लीत सगळे अडकले. कुणाला वळवायला जागा नाही. पास्कूकाका घामाघूम. बाबांना वळवायचं काय कारण? सगळ्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली, बाबांनी पहिला टाकला, मग दुसरा, आणि ट्रॅक्टर उलट्या पावली घराकडे सुसाट!

घरी मी खालमानेने म्हणालो, "बाबा, परत खोलून सरळ बसवतो."

"हात लावशील तर बघ!" बाबा ओरडले. तेवढ्यात फादर सुकेळी खायला आले. बाबांनी त्यांना हाताला धरून ट्रॅक्टरजवळ नेलं आणि बॉनेटवर थोपटत, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "फादर, याला मागे जायला सगळे गिअर आहेत आणि पुढे जायला एकच, तोही आईने सांगितल्यावर पडतो. माझ्या लेकाने बनवलाय, त्याच्यावरच गेलाय!"

इतक्या अभिमानाने बाबांनी चारचौघांत माझं नाव पहिल्यांदाच काढलं होतं.