पास का रिजेक्ट

आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक गृहस्थ दापोडीला चढायचे आणि चष्मा पुसत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे. इन्स्पेक्शन खात्यात ते दिवसभर सुटे भाग तपासायचे, आणि सिनेमाही तसाच तपासायचे. "मध्यंतरानंतर ढिला आहे. रिजेक्ट." आवडला का, असं विचारलं तर म्हणायचे, "आवडायचा प्रश्न येतो कुठं? माप बरोबर पाहिजे." मला त्यांचा जरा रागच यायचा.

सिनेमाच्या बक्षिसांचे दिवस आले की बसमध्ये दोन तट पडायचे. त्या वर्षी मागच्या सीटा एका गाजलेल्या, गाण्यांच्या सिनेमासाठी भांडत होत्या आणि आम्ही पुढचे, समीक्षकांनी उचलून धरलेल्या बिनगाण्याच्या सिनेमासाठी. कुणी हटेना. शेवटी ठरलं, गाण्यांचा या इन्स्पेक्शनवाल्यांनी आधीच पास केलाय, आता त्यांनी रविवारी पुण्यात जाऊन आमचाही बघायचा आणि निकाल द्यायचा.

सोमवारी ते चढले तशा बसमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले.

"सांगा राव, पास का रिजेक्ट?" मागून कुणीतरी विचारलं.

"तपासायचं राहूनच गेलं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नुसता बघत बसलो."