बाथरूमची बंद खिडकी

शेजारच्यांनी खांदा मारून बाथरूमचं दार फोडलं तेव्हा सून फरशीवर पडली होती आणि गिझरचं गरम पाणी बादली भरून वाहत होतं. हाक मारली तर डोळे उघडेनात. मी तिच्यावर चादर टाकली, दोघांनी तिला उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणलं. मुलगा कामावर गेलेला. कुणीतरी म्हणालं, बाथरूमला खिडकी कशी नाही? खिडकी होती. प्लायवूड ठोकून बंद केलेली होती, आणि ती तशीच राहू दे असं मीच म्हटलं होतं.

कळव्याचं ते भाड्याचं घर बघायला मुलगा, सून आणि मी गेलो होतो. माझं आयुष्य डोंबिवलीच्या चाळीत गेलं, त्यामुळे घर बघण्यातलं मलाच कळतं असा माझा समज. नळ सोडून धार बघितली. पाण्याची वेळ शेजारणीला विचारली, कारण एजंट चोवीस तासच सांगणार. भिंतींना हात लावून ओल बघितली. देव कुठे ठेवायचे तेही ठरवून टाकलं.

सून बाथरूममध्ये उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "आई, गिझर गॅसवरचा आहे आणि खिडकी बंद. मालकांना सांगून उघडून घेऊ या."

खिडकीसमोर पलीकडच्या बिल्डिंगचा जिना होता. मी म्हटलं, "कशाला गं? जिन्यातल्या लोकांना रोज दर्शन द्यायचंय का?"

एजंट हसला. मुलगाही हसला. तिचा चेहरा उतरला आणि ती बाथरूममधून बाहेर आली.

लग्नानंतर कित्येक वर्षं मी स्वयंपाकघरातल्या मोरीत, साडीचा आडोसा लावून आंघोळ केली. साडीपलीकडे सासरे चहा पीत बसलेले असायचे. चारी बाजूंनी बंद जागा आणि आतून कडी, याहून जास्त बाईला काय हवं, असं मला वाटे. हवा कुठून येणार हे मोरीत कधी बघावं लागलं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बंद जागेत गॅस जळत राहिला की विषारी हवा साठते, तिला वास नसतो, आणि माणूस हाक मारायच्या आत पडतो. सून शुद्धीवर आल्यावर मुलगा चिडून म्हणाला, घर घेताना खिडकीकडे कुणीच कसं बघितलं नाही? तिथे तो स्वतः हसला होता, ते विसरला होता.

सुनेने माझ्याकडे बघितलं. "माझ्या लक्षात नाही आलं," ती म्हणाली.

मी तिच्या अंगावरची चादर नीट करत राहिले.

पुढे मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे आई. प्लायवूड काढलं, गिझर बाहेर बसवून घेतला. आता नात्यात कुणी घर बघायला निघालं की मी आधी गिझर कुठे आहे ते विचारते, आणि बाथरूमची खिडकी स्वतःच्या हाताने उघडून बघायला सांगते. लोक ऐकतात. सुनेला मात्र माझं चुकलं असं मी अजून म्हटलेलं नाही. तोंडापर्यंत येतं आणि मी तिला भाजी काय करायची ते विचारते.

त्या बाथरूममध्ये माझी सून पडली होती. ती वाचली.