मारुतीला लावलेली टाकी

झुंबर पाथरवटानं काळ्या दगडाच्या बाईला बांगड्या घातल्या, तर त्या आत्ता किणकिणतील असं बघणाऱ्याला वाटायचं. पण त्या हाताला काम उरलं नव्हतं. पंचवटीतल्या दुकानांत राजस्थानातनं गाड्या भरभरून संगमरवरी देव यायला लागले आणि काळा दगड विचारायला कुणी येईना. घरोघर मिक्सर आले, तसे पाटे-वरवंटेही सुटले. बायको धोंडाबाई तरी पाट्याला टाकी लावायची का म्हणून ओरडत द्वारका चौकापासून गंगापूर रोडपर्यंत आणि आसपासच्या गावांतनं पायपीट करायची. झुंबर आपला दारात बसून, कुणी न नेलेल्या नंदीच्या वशिंडावरनं हात फिरवत राहायचा.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर दिंडोरीकडच्या एका गावातनं चिमाजीचा निरोप आला. चिमाजी मोठा द्राक्षबागायतदार आणि देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. त्या गावचा मारुती झुंबरच्या बापानं, पुंजानं घडवलेला. आता कमिटीनं शेजारी नवं देऊळ बांधून संगमरवरी मारुती आणला होता आणि जुना धरणात सोडायचं ठरवलं होतं. पण धडधाकट देवाला पाण्यात कसं सोडायचं?

चिमाजीनं झुंबरला एकट्यालाच गाभाऱ्यात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"नाकाचा टवका उडव. मूर्ती भंगली का आपण मोकळे."

"माझ्या बापाच्या हातची हे ती."

"म्हणून तर तुला बोलावलं. घडवणाऱ्याच्या हाताला पाप लागत नाय."

झुंबर निघालाच होता. तेवढ्यात चिमाजीनं सांगितलं, नव्या देवळापुढं काळ्या दगडाची नक्षीदार दीपमाळ उभी करायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला द्यायची नाही. झुंबर उंबऱ्यातच थांबला. दगड कुठल्या खाणीचा, वेल कुठनं चढवायची, हत्ती कुठल्या थरावर बसवायचे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. उपाशी माणसापुढं भरलं ताट ठेवावं, तसं झालं त्याला.

त्यानं शेंदराची जाड खोळ खरवडली. आतनं बापानं काढलेला चेहरा वर आला. डोळे तेवढे झुंबरच्या हातचे होते. ते कोरताना पुंजानं पहिल्यांदा पोराच्या हातात टाकी दिली होती. झुंबरनं तोंड फिरवलं आणि घाव घातला. हात चुकला नाही. नाक पायाशी येऊन पडलं.

मारुती आपोआप भंगला, असं गावाला सांगण्यात आलं. फेब्रुवारीत गारपीट झाली. तोडणीला आलेले घड चिखलात सडले. देव कोपला म्हणून गाव हवालदिल झालं, आणि गाभाऱ्यातनं टाकीचा आवाज ऐकलेलं कुणीतरी बोललं. झुंबरला बोलावणं गेलं. त्याला वाटलं, दीपमाळेचंच असणार. धोंडाबाईही नवं लुगडं नेसून बरोबर गेली.

पारावर सगळा गाव बसला होता. झुंबरनं घडलं ते सरळ सांगितलं. चिमाजी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "देवाला घाव घालायला मी सांगेन? कामाच्या हावरेपणानं केलं ह्यानं."

धोंडाबाई सोडून झुंबरच्या बाजूनं कुणी बोललं नाही. संगमरवरी मारुतीपुढच्या फरशीवर त्याला नाक घासायला लावलं. रक्त येईपर्यंत. ज्यांच्या पाट्यांना धोंडाबाईनं टाकी लावली होती, त्या बायाही तिथं उभ्या राहून बघत होत्या. दीपमाळ पुढं सिमेंटची झाली. साच्यातली.

आसपासच्या गावांनी झुंबरसाठी दारं लावून घेतली. तो गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत स्वयंपाकाच्या ओट्यांचा ग्रॅनाइट कापायला लागला. बंद खोलीत मशीन चालायचं, आणि धुरळ्यात शेजारचा माणूस दिसायचा नाही. तिसऱ्या वर्षी त्याचा खोकला थांबेना. डॉक्टरनं सांगितलं, जन्मभराच्या दगडाच्या धुळीनं फुप्फुसं आधीच निकामी होत आली होती, मशीननं उरलेली खाल्ली.

घरी आल्यावर धोंडाबाई म्हणाली, "धूळ तर मीबी खाल्ली जन्मभर. मारुतीला टाकी तुम्ही लावली."

पारावर तिनंच एकटीनं त्याच्यासाठी हातापाया पडून बघितलं होतं. झुंबरला तिला चिमाजीचं ते बंद दार पुन्हा सांगायचं होतं, पण दोन शब्दांनीच धाप लागली. धोंडाबाई रोज दिवा लावून मारुतीची क्षमा मागायची, नवऱ्याच्या नावानं, त्याला ऐकू जाईल अशी. शेवटी शेवटी तोही तिच्याबरोबर हात जोडायला लागला. पावसाळा संपायच्या आत तो गेला. नंदी दारातच होता. तो तिनं घर बांधणाऱ्या एकाला पायाच्या भरावात टाकायला देऊन टाकला.