काळ्या गाडीची दुसरी चावी

बोरी अरबच्या अलीकडच्या वळणावरचा तो अपघात निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. नोकरीत खुनांचे तपास केले, दरोड्यांचे केले. त्यांतले बरेच आता धूसर झाले. हे प्रकरण तसे पाहिले तर साध्या अपघाताचे होते.

मे महिन्यातली दुपार होती. एका टेम्पोवाल्याने ठाण्यात येऊन सांगितले की, रस्त्याच्या कडेला एक बाई पडली आहे आणि हालचाल करत नाही. दोन कर्मचाऱ्यांना घेऊन मी तिथे पोहोचलो. पन्नाशीची बाई. शेतात नवऱ्याला डबा घेऊन निघालेली. जीव गेलेला होता. डांबरावर दिव्याच्या काचा आणि काळ्या रंगाचे टवके पडले होते. धडक देणारे वाहन निघून गेले होते.

पंचनामा करताना एक गोष्ट मला खटकली. बाईच्या मांडीवरच्या जखमेला पिवळ्या ओढणीची पट्टी बांधलेली होती. खाली कापडाची जाड घडी, वर घट्ट वेढे, गाठ एका बाजूला. रक्त कसे थांबवायचे हे ज्याला शिकवलेले असते, त्याच्याच हातचे ते काम होते. म्हणजे कोणीतरी थांबले होते, चांगली दहा-पंधरा मिनिटे थांबले होते, आणि मग निघून गेले होते.

आमचे काम चालू असतानाच बाईचा नवरा रस्त्याने चालत आला. डबा आला नाही म्हणून तो बघायला निघाला होता. गर्दी पाहून त्याने आम्हालाच विचारले, काय झाले म्हणून.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. ठाणे अंमलदार जेवायला गेले होते, म्हणून मीच उचलला. पलीकडे एक बाई होती. तिने एका बंजारा तांड्याचे नाव सांगितले आणि म्हणाली की, मागच्या शेतात कडब्याच्या गंजीला लागून ताडपत्रीखाली काळी गाडी आहे. मी सवयीने म्हणालो, "आधी तुमचं नाव आणि गाव सांगा."  पलीकडून फोन ठेवला गेला. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो.

गाडी सांगितल्या जागीच होती. जुनी, परदेशी बनावटीची, लांबलचक आणि देखणी. डावा दिवा फुटलेला, बॉनेट दबलेले. शेत ज्याचे होते त्याने लगेच सांगितले की गाडी धाकट्या भावाची आहे. तो यवतमाळला कॉलेजात शिकवतो. त्यांची याडी, म्हणजे आई, घराच्या दारात बसली होती. ती आमच्याकडे बघतही नव्हती.

प्राध्यापक ठाण्यात आला तो कबुली घेऊनच. चाळिशी ओलांडलेला, जवळजवळ सहा फूट उंच, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी विचारण्याआधीच म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबायची सवय मला नव्हती. मी त्याला गाडीविषयी बोलते केले. गाडी त्याने नागपूरहून घेतली होती, बारा वर्षे वापरलेली. तेवढ्या पैशात नवी छोटी गाडी आली असती, पण त्याला हीच हवी होती. दोन वर्षे तो सुट्या भागांसाठी हैदराबादपर्यंत फिरला. मग लोहाऱ्याच्या एका गॅरेजात तिची ताकद वाढवून घेतली. इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, मोठा टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला. काम संपून गाडी अपघाताच्या आदल्या दिवशीच हाती आली होती. हे सांगताना त्याचा चेहरा घटकाभर खुलला. ठाण्याच्या बाकावर बसूनही माणूस आवडीच्या वस्तूविषयी बोलताना स्वतःला विसरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मी विचारले, जखमेला पट्टी कोणी बांधली? तो म्हणाला, मीच. मी कपाटातला टॉवेल त्याच्या हातात दिला आणि आमच्या एका शिपायाच्या मांडीला तशीच पट्टी बांधायला सांगितली. त्याने दोन सैल वेढे दिले. ते गुडघ्यापर्यंत घसरले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मग टॉवेल खाली ठेवला. पण जबाब बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावले. गाडीसोबत जप्त केलेली चावी त्याने लावली आणि चालकाची सीट आपोआप पुढे सरकली, इतकी पुढे की सहा फुटी माणसाचे गुडघे तिथे मावलेच नसते. मिस्त्री म्हणाला, "ह्या गाडीच्या दोन चाव्या हायेत साहेब. ज्याची चावी, त्याची बैठक गाडी ध्यानात ठेवते. ही मॅडमची चावी हाय."

मॅडम, म्हणजे प्राध्यापकाची बायको, एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या.

महिला शिपाई त्यांना घेऊन आली. लहान चणीच्या, शांत बाई. मी प्रश्न विचारण्याआधी त्याच बोलल्या. "फोन मीच केलता साहेब. सारं सांगणार होते. तुम्ही नाव विचारलं आन् माह्या तोंडून निघालं नाही."

मग त्यांनी क्रमाने सांगितले. दर रविवारी सासूला भेटायला तांड्यावर जायचे, गाडी त्याच चालवायच्या. गाडीत काय बदलले आहे ते नवऱ्याने सांगितले नव्हते. चालवतानाच कळावे, त्यांनी चकित व्हावे, अशी त्याची हौस होती. पुढे ट्रॅक्टर होता. त्याला मागे टाकायला त्यांनी नेहमीएवढाच पाय दाबला, आणि गाडीने अशी उसळी घेतली की वळणावर ती आवरेना. पुढे आरटीओच्या निरीक्षकानेही तपासणीत तेच नोंदवले. इंजिनाची ताकद वाढवलेली, ब्रेक आणि टायर मात्र जुनेच.

"बाई दहा मिनिटं जित्या होत्या," त्या म्हणाल्या. "माहा फोन घरी चार्जिंगले राह्यलता. आमच्या यायले म्हटलं, १०८ ले फोन लावा, ॲम्ब्युलन्स बोलवा. मी पट्टी बांधून राह्यली होती. वर पाह्यलं तं हे फोन हातात धरून फुटलेला दिवा पाहत उभे."

बाईने प्राण सोडल्यावर नवऱ्याने त्यांना हाताला धरून बाजूच्या सीटवर बसवले आणि स्वतःच्या चावीने गाडी तांड्यावर नेली होती.

मी प्राध्यापकाला समोर आणले. बायको तिथे बसलेली पाहून त्याला कळले. तो समोरच्या बाकावर बसला. मग म्हणाला, "तिने पाय नेहमीएवढाच दिला होता साहेब. गाडी मी बदलली होती." फोनचे मी विचारले नाही. त्याच्या मोबाइलचा कॉल रेकॉर्ड आला होता. त्या दुपारी त्यावरून एकही फोन लावलेला नव्हता.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले होते की, रुग्णवाहिका दारव्ह्याहून वेळेत पोहोचली नसती, बाई बहुधा वाचली नसती. हे मी मॅडमना सांगितले.

मृत बाईचा नवरा शवविच्छेदन अहवालाची प्रत न्यायला ठाण्यात आला तेव्हा आवारात ती गाडी उभी होती. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि त्याने मला विचारले, "ही पहिले धावत नव्हती का साहेब?"

"धावत होती."

"मंग कायले वाढवली?"

मी त्याला बसायला खुर्ची दिली.

दोषारोपपत्र दोघांवरही गेले. तिच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे, त्याच्यावर पुरावा लपवल्याचे. वकील नको म्हणत असताना मॅडमनी न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल केला. त्यांना शिक्षा झाली, नोकरी गेली. तोवर प्रत्येक तारखेला दोघे वेगवेगळ्या एसटीने येत आणि वेगवेगळ्या बाकांवर बसत. शेवटच्या तारखेला मी मॅडमना म्हणालो की, तुमच्यासाठी सगळं अंगावर घ्यायला ते तयार होते, तेवढं तरी लक्षात ठेवा.

त्या म्हणाल्या, "माह्यासाठी जेलात जाले तयार होते, खरं हाय. पण तवा फक्त एक फोन लावाचा होता."

या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझे कौतुक केले. पट्टी आणि चावी यांवरून खरा चालक शोधला म्हणून. मी मात्र त्यातून वेगळेच शिकलो. खोटे बोलणारा माणूस नेहमी स्वतःला वाचवत असतो असे मी तोवर धरून चाललो होतो. हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेऊ पाहत होता, आणि त्याची चूक ज्या दहा मिनिटांत झाली त्यांना कायद्यात कलमच नव्हते. आणि त्याच्या बायकोने आपणहून खरे सांगायला फोन केला, तेव्हा मी नाव-गाव विचारून तिच्यापुढे रजिस्टरचा रकाना धरला. नाहीतर ती स्वतःच ठाण्यात चालून आली असती. मी तिला शोधून आणले. कागदावर तो तपास यशस्वी आहे.