सरांनी लिहिलेली ‘किरकोळ सूज’

मी पशुवैद्यक, पण माझा जास्त संबंध आला तो मेलेल्या उंदरांशी. कोल्हापुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत कीटकनाशक खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृताचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि दिसेल ते लिहायचं, हे माझं काम.

मागच्या वर्षी एक नवीच जबाबदारी अंगावर आली. यकृतातल्या एकाच बदलाला आमच्याकडे कुणी ‘सूज’ लिहायचं, कुणी ‘वाढ’, कुणी ‘ऱ्हास’. वाचणाऱ्याला वाटावं, तीन वेगळे आजार. म्हणून सगळ्यांसाठी शब्दांची एकच यादी करायची आणि जुन्या स्लाइड पुन्हा वाचायच्या, असं ठरलं. जुने बहुतेक अहवाल आमच्या सरांचे. मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. निवृत्तीनंतर ते मंगळवार पेठेत घरीच असतात. बोलावलं तर लगेच आले.

आधीचं लिहिलेलं आठवू नये म्हणून नंबर झाकून मी एकेक स्लाइड त्यांच्यापुढे ठेवत होते. दुपारी एका स्लाइडवर ते बराच वेळ थांबले.

“ह्या पेशी मेल्यात की,” ते म्हणाले. “जागोजागी मेल्यात. लिही.”

मी लिहिलं आणि त्याच स्लाइडचा जुना अहवाल काढला.

“आधी मी काय लिहिलं हुतं?”

“किरकोळ सूज, सर.”

त्यांनी कागद हातात घेतला. सुजलेली पेशी सावरू शकते, मेलेली नाही. त्या दोन शब्दांवर विसंबून त्या कीटकनाशकाची तेवढी मात्रा निर्धोक धरली गेली होती.

“तेव्हा आपल्याकडं यादीच नव्हती, सर.”

“यादी नव्हती. डोळं हुतं की.” मग हळू म्हणाले, “सही माझीच हाय. दुरुस्ती माझ्या नावानं जाऊ दे. तू सांभाळून घेऊ नगंस.”

दुरुस्ती गेली. कीटकनाशकांना परवाना देणाऱ्या कार्यालयातून उत्तर आलं, की ते औषध केव्हाच बाजारातून काढून घेतलंय, नोंद घेतली. एवढंच. इतकी वर्षं ते कुणी फवारलं, कुणाच्या पोटात गेलं, हे कुणी विचारलं नाही.

सर परत आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, “माझ्यावर आता माझाच भरवसा न्हाय. तू बघ.”

स्लाइडच्या उरलेल्या पेट्या मी एकटीनेच वाचल्या. यादी पूर्ण झाली, नवीन लोक तिच्याप्रमाणे लिहितात. सरांच्या घरी जाऊन यावं असं पुष्कळदा वाटतं. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून अजून गेलेले नाही.